भाव सुक्याचा, वजन ओल्याचं

दिवाळी उलटली की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातून एक फोटो हमखास येतो. उसाच्या नाहीतर मक्याच्या फडाची कड, पुढ्यात हिरव्यागार झाडांचा ढीग, ढिगामागे ओळीने उभे पोलीस आणि कोपऱ्यात तोंडाला रुमाल बांधून मान खाली घातलेला एक माणूस. वर मथळा: अमुक इतके किलो गांजा जप्त, किंमत तमुक लाख. आपण अंगठ्याने तो वर सरकवतो आणि पुढच्या रीलवर जातो.

पुढच्या वेळी सरकवू नका. दोन बोटांनी झूम करा. ढिगाच्या खालच्या बाजूला मुळं दिसतील. मुळांना माती चिकटलेली असेल. मनगटाएवढी जाड खोडं दिसतील, पाण्याने टचटचीत भरलेली. हे सगळं काट्यावर चढलेलं आहे. त्या वजनाला गुणलेला भाव मात्र वाळवलेल्या, निवडलेल्या, पुडीत बांधलेल्या गांजाचा. मार्केट यार्डात एखाद्या व्यापाऱ्याने ओला कांदा पातीसकट, मातीसकट तोलून उन्हाळी कांद्याच्या भावाने विकायचा प्रयत्न करून बघावा. हमाल हसतील.

मथळ्यातले लाख खोटे असले तर फार बिघडत नाही, वर्तमानपत्रांना ती सवयच आहे. पण तेच किलो पंचनाम्यात उतरतात, पंचनाम्यातून दोषारोपपत्रात जातात, आणि तिथे त्या किलोंवर एका माणसाच्या आयुष्याची किती वर्षं जाणार हे ठरतं. म्हणून हा लेख.

मी शिवाजीनगर कोर्टात एका वरिष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करतो. घर शिरूर तालुक्यातलं, शेतीचं. एनडीपीएसची कागदपत्रं लावणं, झेरॉक्स काढणं, तारखा घेणं हे माझं काम. आणि दर वेळी पंचनामा वाचताना माझ्यातल्या वकिलाआधी शेतकऱ्याचा पोरगा चिडतो. पिकाबद्दल लिहिलेला एवढा महत्त्वाचा कागद, आणि तो लिहिणाऱ्याला पीक कुठल्या अवस्थेत आहे याचं काही पडलेलंच नाही!

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, त्यात गांजाची व्याख्या आहे. गांजा म्हणजे कॅनाबिसच्या झाडाचे फुलोऱ्यावर आलेले किंवा फळ धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील, तर ती यातून वगळलेली आहेत. मूळ नाही, खोड नाही, काटकी नाही. त्यांचा तर उल्लेखही नाही. ही व्याख्या आपल्या संसदेने हवेतून काढलेली नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही जवळजवळ हेच शब्द आहेत. म्हणजे सगळ्या जगाने मिळून ठरवलं की या झाडात आपलं भांडण फुलाशी आहे.

आता शिक्षा. एक किलोपर्यंत गांजा असेल तर ते अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण: कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०. मधल्या टप्प्यात १० वर्षांपर्यंत. नीट वाचा. २० किलोच्या अलीकडे १० वर्षं ही कमाल मर्यादा आहे, पलीकडे तीच किमान होते. न्यायाधीशाला दया आली तरी त्याच्या खाली येता येत नाही. शिवाय २० किलोच्या पलीकडे कलम ३७ लागतं. मग जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असं न्यायालयाचं समाधान व्हावं लागतं. खटला सुरू व्हायच्या आधी! व्यवहारात याचा अर्थ येरवड्यात वर्षानुवर्षं वाट बघणं.

म्हणजे सगळा खेळ काट्याचा.

समजा, उसाच्या सरीत बारा झाडं सापडली. मुळासकट उपटली, एकेक दोन किलो भरलं. झाले २४ किलो. व्यावसायिक प्रमाण. आता याच झाडांची मुळं तोडा, खोडं बाजूला काढा, खालची सुटी पानं झटका आणि कायद्याने सांगितलेले फुलोऱ्याचे शेंडे तेवढे तोला. समजा सहा-सात किलो भरतील. ओल्या फुलात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे वाळवल्यावर दोन किलोच्या आत. माणूस तोच, झाडं तीच, गुन्हाही तोच. फरक काट्यावर काय ठेवलं याचा. ऊस उत्पादकांना काटामारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर वजन घटतं अशी त्यांची जुनी तक्रार आहे. इथे वजन वाढवणारा काटा आहे, आणि त्याविरुद्ध ओरडायला कुठली संघटना नाही. गांजावाल्याची बाजू कोण घेणार?

आणि उसाचंच बोलायचं तर बघा, एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली आहे, १०.२५ टक्के हा पाया धरून. उसात कामाचं काय आणि किती, हे सरकारला दशांश चिन्हापर्यंत मोजता येतं. वाढं आणि पाचट तर तोडणीवालाच फडात सोडून येतो. पिकातला ऐवज कोणता आणि चोथा कोणता, हा भेद या राज्याला नवीन नाही.

सरकारी पक्षाचं यावर उत्तर ठरलेलं असतं. एक म्हणजे, शेंड्यासोबत आलेली पानं-बिया व्याख्येत धरल्या जातात. बरोबर आहे. शेंड्याला चिकटलेलं पान धरा, कोण नाही म्हणतं? पण त्या शब्दांच्या आधाराने मूळ आणि खोड कसं आत घेता? दुसरं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२० च्या निकालाचं. अमली पदार्थात दुसरा निरुपद्रवी पदार्थ मिसळलेला असेल तर वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं, असं त्यात म्हटलं आहे. तो निकाल भेसळीचा आहे. पावडरीत कोणीतरी हाताने काहीतरी कालवलं, त्याबद्दलचा. झाडाला मूळ असणं ही कोणी केलेली भेसळ नव्हे. ती निसर्गाची रीत आहे, आणि कायदा लिहिणाऱ्यांना ती ठाऊक होती म्हणूनच त्यांनी ‘शेंडे’ हा शब्द वापरला.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका जामीन अर्जावर हाच मुद्दा धरला होता. जप्त केलेला माल हिरवट पाल्यासारखा असल्याची नोंद होती, फुलोऱ्याच्या किंवा फळाच्या शेंड्यांचा उल्लेखच नव्हता. मग हा व्याख्येतला गांजा कसा, असं विचारून त्यांनी जामीन दिला. निकाल वाचून आम्ही कनिष्ठ मंडळी खूश झालो. वाटलं, आता तरी काट्यावर चढवण्याआधी झाडं सोलली जातील.

बदल झाला. पंचनाम्याची भाषा बदलली. आता जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच वाक्य दिसतं: ‘हिरवट रंगाची, उग्र वासाची, पाने, फुले, बोंडे व बिया असलेली गांजासदृश झाडे’. थंडीत पकडलेल्या झाडांना हेच, भर पावसात पकडलेल्या गुडघाभर रोपांनाही हेच. कॉपी-पेस्ट. न्यायालयाने फूल मागितलं, तर कागदावर फूल उगवलं.

खरी मेख इथे आहे. हे झाड कधी फुलावर येतं आणि कधी काढणीला येतं, याला काळ-वेळ आहे. इथल्या देशी वाणाला दिवस लहान व्हायला लागले, रात्र वाढली की फूल लागतं. शेवंतीचा स्वभाव हाच. पॉलिहाऊसमध्ये शेवंती लावणाऱ्या कुणालाही विचारा, झाड वाढेपर्यंत कळी धरू नये म्हणून रात्री दिवे लावून ते शेवंतीला फसवत असतात. उघड्या रानात पावसाबरोबर रुजलेलं गांजाचं देशी झाड साधारण दसरा-दिवाळीच्या आसपास फुलायला लागतं आणि थंडीत पक्व होतं. बाहेरून आलेल्या संकरित बियाणाचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, ते मान्य. पण मग ते तसं सांगा, तपासा, लिहा. आषाढातल्या वीतभर रोपाला बोंडं आणि बिया दोन्ही दाखवणाऱ्या कागदावर कुणीतरी ‘हे कसं?’ एवढं तरी विचारायला हवं. ज्वारी हुरड्यात आहे की पोटरीत, हे बांधावरचं पोरही सांगतं. तेवढी नजर दहा वर्षांची शिक्षा मागणाऱ्या कागदाला असू नये?

एके काळी सरकारला ही नजर होती. ब्रिटिश सरकारला, आणि तीही महसुलाच्या हावेपोटी, पण होती. मुंबई इलाख्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गांजाचं परवानाधारक पीक निघायचं. विलायतेच्या पार्लमेंटात या व्यसनावर प्रश्न विचारला गेल्यावर १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. त्याने देशभर हिंडून अकराशेहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. बंदी नको, परवाने आणि कर यांनी आवर घाला, असा त्याचा सूर होता. माझा मुद्दा त्या निष्कर्षाचा नाही. त्या साहेबांनी पिकाची चौकशी कशी केली ते बघा. पेरणी कधी, नर झाडं कोण ओळखतो, फुलोरा कधी, कापणी कधी, वाळवण कसं, तुडवणं कसं. बंगालात नर झाडं हेरून काढणारा खास जाणकार असायचा, त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत. अहवालात त्याचीही दखल आहे. ज्यावर कर लावायचा ती वस्तू नेमकी कुठली, हे त्यांना माहीत असणं भाग होतं, कारण काटकीवर कोणी कर भरत नव्हता.

कर लावायला जेवढी अक्कल लागत होती, तेवढी तुरुंगात टाकायला लागत नाही, असं आज म्हणावं लागतं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण वाचणाऱ्यांतल्या काहींच्या मनात वेगळाच प्रश्न असणार. बाणेर-बावधनच्या गच्चीवर, नाहीतर हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत, कुंडीत एक झाड ठेवून ‘कधी कापायचं?’ याचे व्हिडिओ बघणारी मंडळी मला माहीत आहेत. भिंगातून थेंब बघा, रंग बघा, अमुक आठवडे थांबा. त्यांच्यातला एक समज मी चार-पाच वेळा तरी ऐकला आहे: कापलं नाही तोवर तो गांजाच नाही, म्हणजे गुन्हा नाही. वर मी व्याख्या दिली, ती वाचून हा समज आणखी पक्का होऊ नये म्हणून सांगतो. झाड लावणं हा वेगळा, स्वतंत्र गुन्हा आहे. कलम २०(अ). तिथे झाड म्हणजे कॅनाबिस कुळातलं कुठलंही झाड, फूल असो वा नसो. अल्प प्रमाण नाही, स्वतःपुरतं म्हणून सवलत नाही. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पानाची भांग तरी मोकळी असेल म्हणाल, तर महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे, त्यात तीही अडकते. कधी कापायचं या प्रश्नाचं पुण्यापुरतं कायदेशीर उत्तर एवढंच आहे की ते लावलंत त्याच दिवशी उशीर झाला.

मी गांजाची वकिली करत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांच्या डोक्याचं काय होतं ते कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला विचारा. पण याच पुण्याच्या परिसरात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतून शेकडो किलो मेफेड्रोन निघालं. रसायनांच्या कारखान्यात, बंद दाराआड, पगारी माणसं ठेवून बनवलेलं. त्या धंद्यातलं पांढरं पीठ आणि बांधावरची बारा झाडं यांना एकाच कायद्याने मोजायचं, तर निदान मोजणं तरी खरं हवं. पिठाला मूळ नसतं, खोड नसतं, त्यात पाणीही नसतं. जेवढं भरलं तेवढं माल. फुगतो तो फक्त झाडवाल्याचा आकडा.

आणि झाडवाला कोण असतो? फोटोत मान खाली घातलेला माणूस जमिनीचा मालक असेलच असं नाही. कधी वाटेकरी, कधी सालगडी, कधी चार भावांच्या सामायिक सातबाऱ्यावरचा जो त्या दिवशी रानात होता तो. जमिनीत झाड सापडलं म्हणजे त्यानेच लावलं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. पण ते वाक्य खटल्याच्या शेवटी कामाला येतं. सुरुवातीला येतो तो काटा.

‘मग मोठे लागवडवाले सुटतील त्याचं काय?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. सुटणार कसे? अर्धा एकर लावणाऱ्याचे नुसते शेंडेही २० किलोच्या वर जातील. ज्याचे जाणार नाहीत, त्याला लागवडीचं कलम आहेच, १० वर्षांपर्यंतचं. फक्त त्याला जामिनाची वाट उघडी राहील आणि शिक्षा किती हे न्यायाधीशाला ठरवता येईल. त्याला सुटणं म्हणत नाहीत.

‘रानात उभं राहून झाडं कोण सोलत बसणार?’ हाही एक प्रश्न. एका पोलीस अंमलदारानेच मला चहा पिता पिता विचारला होता, आणि त्यात तथ्य आहे. अंधार पडत आलेला, गावकरी जमलेले, गाडी एकच. पण नमुना घ्यायला वेळ मिळतोच की. नियम असा की गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, त्याच्या दोन प्रती. प्रयोगशाळेत एक पाकीट जातं, अहवाल येतो: गांजा. आता मला सांगा, ते २४ ग्रॅम झाडाच्या कुठल्या भागातून घेतले? मुळातून नक्कीच नाही. म्हणजे कुठलं अंग गांजाचं, हे पाकीट भरणाऱ्या हाताला पक्कं ठाऊक असतं. शेंड्याने दिलेली साक्ष मग २४ किलोच्या ढिगाला लावली जाते. कलम ५२अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी करून नमुने काढायचे असतात, त्यासाठी डिसेंबर २०२२ चे नवे नियमही आहेत. रानात जमत नसेल तर तिथे करा. मूळ, खोड, शेंडा असे तीन ढीग, तीन वजनं, आणि शेंड्याचं वजन ओलं असताना एकदा, सुकल्यावर एकदा. यासाठी कायदा बदलायला नको, निधीही नको. गृह खात्याचं एक पानी परिपत्रक पुरेल. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या फौजदारी संहितेने बंधनकारक केलेलं आहे. मोबाईल हातात आहेच. ढिगासमोर उभं राहून फोटो काढता तसाच एकेका झाडाचा शेंडाही जवळून काढा.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. उत्तराखंडने तर २०१८ पासून कमी नशेच्या औद्योगिक भांगेला परवाने द्यायला सुरुवात केली. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये तशी सोय आहे. तिथे नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत आहे का, हे तपासून शेतकऱ्याला पीक घेऊ देतात. म्हणजे झाडाच्या कुठल्या अंगात काय आहे हे मोजायची यंत्रं देशात आहेत. आपल्याकडे मात्र भुसार मालाच्या काट्यावर खोडं चढतात.

परिपत्रक निघेल तेव्हा निघेल. तोवर या थंडीत एखाद्या जप्तीच्या वेळी तुम्हालाच पंच म्हणून बोलावलं गेलं, तर काय करायचं ते सांगतो. बऱ्याचदा सरकारी नोकरीतल्या माणसांनाच बोलावतात, आणि तुमच्यातले अनेक जण तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक होण्याच्या तयारीत सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेले आहेत. पंच म्हणजे नुसती सही करणारा नव्हे. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं, असं लिहून देणारा. तेव्हा ‘फुले, बोंडे व बिया’ लिहिलं असेल तर ती बघायला मागा. झाड हातात घ्या, शेंडा बघा. काट्यावर मुळं असतील तर ‘मुळे व मातीसह वजन’ असं कागदावर लिहायला सांगा. वजन ओल्या झाडांचं असेल तर ‘ओली’ हा शब्दही घालायला लावा. घाई करतील, ‘साहेब खोळंबलेत’ म्हणतील. खोळंबू द्या.